चांदणनळ्यांच्या माहेरपणाची बखर

॥ श्री ॥

प्रथम नमन उजेडास, कीं ज्याच्याविणें कागद काळा कीं गोरा हें कळत नाहीं. दुसरें नमन अंधारास, कीं ज्याच्याविणें उजेडास कोणी विचारीत नाहीं. आणि तिसरें नमन वाचणारांस, कीं जे दोहोंमध्यें डोळे अर्धे मिटून बसतात. स्वामींनीं आज्ञा केली कीं, विझल्या नळ्यांस माहेर कैसें मिळालें तें वर्तमान साद्यंत लिहिणें. त्यावरून सेवकानें जें ऐकिलें, जें स्वप्नीं देखिलें, आणि जें दोहोंपैकीं कोणतें हें आतां सांगवत नाहीं, तें एकत्र करून लिहिलें असे. शके सतराशें अडुसष्ट, पराभवनाम संवत्सर. नांवास भिऊं नये. संवत्सरांचीं नांवें ठेवणारे आमच्या राज्यांतले नव्हते. राज्य कोणतें हें पुसूं नये. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस डोंगर, आणि मधोमध नक्षत्रतळें नामें तळें, ज्याचे कांठीं राजधानी ऐसी वसली होती कीं कोणी भला गृहस्थ जेवून उशीस टेकला आहे आणि पाण्याकडे पाहतां पाहतां त्याचा डोळा लागला आहे.

त्या राज्यीं धोंडशेट नामें कांचकारखानदार होते. गृहस्थ मोठे हिकमती. त्यांणीं दोन हात लांबीची कांचेची नळी ओतविली, आंत पाऱ्याचा थेंब सोडिला, दोहों टोंकांस पितळेचीं टोपणें बसविलीं, आणि भिंतींतल्या तारेस जोडून खिट्टी दाबितांच नळींत पौर्णिमा उतरूं लागली. तीस चांदणनळी ऐसें नांव पडलें. मग घरोघर चांदणनळ्या जाहल्या आणि समया अडगळींत गेल्या आणि रात्र म्हणोन जी वस्तु होती ती पातळ होत होत ताकासारखी निळसर राहिली. कोंबडे भलत्या प्रहरीं आरवूं लागले, माणसें डोळे उघडे ठेवून स्वप्नें पाहूं लागलीं, आणि चोरांनीं हुजूर अर्ज केला कीं आमचा पिढीजात धंदा बुडाला. त्याच पाऱ्याच्या ज्वरकांड्याही शेटजींनीं केल्या, कीं काखेंत धरितां आंतली चांदीची रेघ वर चढे आणि ताप किती तें सांगे. तेव्हांपासून ज्यास ताप नाहीं तोही कांडी धरून बसे आणि रेघ चढली नाहीं म्हणोन हळहळे. प्रत्येक टोपणावर शेटजी आपलें नांव ऐसें ठसठशीत उमटवीत कीं आंधळ्यानें बोट फिरविलें तरी म्हणावें, धोंडशेट! आणि गिऱ्हाइकास नळी देतांना ती दोहों हातांवर आडवी घेऊन म्हणत, "नळी देत नाहीं हो, लेक देतों. दुधासाखरेंत ठेवा." आणि उपरणें डोळ्यांस लावीत. उपरण्याच्या टोंकास कांदा चोळलेला असे, ऐसें त्यांचे वैरी म्हणत. परंतु वैऱ्यांच्या घरींही उजेड शेटजींचाच होता.

आतां त्या लोकांची एक रीत होती, आणि सारें वर्तमान तीवरच उभें आहे. जें पूज्य तें जीर्ण जाहलें तरी उकिरड्यावर जाऊं नये, पाण्यांत जावें. भंगली मूर्ति पाण्यांत, फाटली पोथी पाण्यांत, देवापुढचें निर्माल्य पाण्यांत. मग दिवा तर साक्षात् लक्ष्मी. विझली चांदणनळी कचऱ्यांत टाकणारा तो माणूस कीं कोण? म्हणोन नळी काळवंडली कीं घरची सवाष्ण तीस हळदकुंकूं लावी, फूल वाही, आणि घाटाच्या पायऱ्यांवरून तळ्यांत सोडी. नळी पायरीस लागून तडके आणि आंतल्या चांदीच्या गोळ्या टुणटुण उड्या मारीत खालीं खोल जात, आणि बायका हात जोडून म्हणत, "आई, पुन्हां ये." ऐसीं वर्षें गेलीं. अवघ्या राज्यानें भक्तिभावानें आणि हळदकुंकवानिशीं आपलें पाणी नासविलें, आणि एकाच्याही मनांत पाप नव्हतें. पाणी तर दिवसेंदिवस देखणें होत चाललें. संध्याकाळीं तळ्याकडे पाहावें तों वर आकाश कीं खालीं आकाश हें कळूं नये, आणि कांठीं बसलेल्यास उठावेंसें वाटूं नये, आणि उठल्यावर आपलें घर कोणतें तें चटकन् आठवूं नये.

मग कांठचीं मांजरें नाचूं लागलीं. भोई लोक चांदेरी मासळी धरीत, तिचीं डोकीं मांजरांस टाकीत. तीं खाऊन मांजरें मागल्या पायांवर उभीं राहात, गिरक्या घेत, तोल जाऊन पडत आणि पुन्हां उठून नाचत. महाराज सज्जांतून हें पाहून परम संतोष पावले. बोलिले, "आमच्या राज्यांत मांजरेंसुद्धां आनंदांत आहेत." मग मांजरांच्या गळां घुंगुरूं बांधविलें आणि त्यांस रोजचें दूध लावून दिलें, आणि 'मार्जारें आनंदेंकरून नृत्य करितात' ऐसी सनद लिहून मोर्तब केलें. पुढें महाराजांच्या मंदिलाचा तुरा वारा नसतां हालूं लागला. तें मुत्सद्द्यांनीं पाहिलें, एकमेकांकडे पाहिलें, जाजमाकडे पाहिलें, आणि मसलत करून सिंहासनामागें दोन पंखेवाले नेमिले, कीं वारा नाहीं ऐसें कोणास म्हणतां येऊं नये. राज्यकारभार म्हणतात तो हाच.

मांजरांची सनद लिहिणारे राजश्री भिवाजी अंताजी चिटणीस. उमर साठीकडे, जातीचे प्रभु, लेखणीचे शूर आणि ताटावर मासळीचे भक्त. त्यांचें अक्षर ऐसें कीं ज्यास वाचतां येत नसे तोही कागद हातीं धरून बसे, डोळ्यांस गार वाटतें म्हणे. परंतु गेल्या वर्षापासून ओळ सरळ चालेना. मोत्यांची माळ तुटून दाणे जाजमावर घरंगळावे तैसीं अक्षरें पळूं लागलीं. राज्याची चाल ऐसी होती कीं, ज्या चिटणीसाचा हात हालला त्यानें येत्या दसऱ्यास लेखणी महाराजांच्या पायांशीं ठेवावी आणि तळ्यावरचें सरकारी घर सोडावें. म्हणोन भिवाजी हात लपवीत. दरबारांत कोपर उशीवर रुतवून लिहीत. घरीं लाडूबाई, म्हणजे त्यांची स्त्री, विडा देण्याचे मिषानें त्यांचें मनगट धरून ठेवी, आणि दोघेंही त्या गोष्टीविषयीं अवाक्षर बोलत नसत. बोलिलें म्हणजे खरें होतें, ऐसें त्या घरीं मानीत.

त्यांत एकुलती लेक ठकू पहिल्या बाळंतपणास माहेरीं आली. लाडूबाईनें दारांत भाकरतुकडा ओंवाळिला, पायांवर पाणी घातलें, आणि पोर आंत येऊन बसते न बसते तों म्हणाली, "आई, चांदेरीचें कालवण कर. वाटेभर तेंच डोळ्यांपुढें पोहतें आहे." मग रोज कालवण होऊं लागलें. भिवाजींनीं स्वतः भोयांकडे जाऊन जाडी मासळी निवडावी, आणि लेक जेवतांना समोर बसून पाहावें, आणि तिच्या तोंडीं घास गेला कीं आपल्याच पोटांत कांहीं गोड उतरल्यासारखें व्हावें. एके दिवशीं दुपारीं ऐसेच बसले असतां घरचें मांजर, गवळण नांवाचें, डोकीं खाऊन चौकांत नाचूं लागलें. छुम, छुम, छुमछुम. ठकू हंसली. आणि भिवाजींनीं पाणी प्यावयास तांब्या उचलिला, तों तांब्या फुलपात्रास लागून वाजूं लागला. खण, खण, खणखण. चौकांत छुम कीं इकडे खण. चौकांत थांबे तों इकडे थांबे. जणू दोघांस एकच तबलजी होता. तांब्या ठेवून त्यांणीं लेकीच्या पुढचें ताट ओढून घेतलें आणि कालवण परसांत ओतलें.

"आबा!" ठकू ओरडली. "ताटांतलें काढून घेतां? सासरीं माझी जाऊसुद्धां ऐसें करीत नाहीं."

"तुझी जाऊ थोर आहे. ऊठ."

लाडूबाई धांवत बाहेर आली. "उन्हानें डोकें फिरलें कीं काय? पोटुशा पोरीच्या तोंडचा घास! पुढल्या जन्मीं बोका व्हाल, सांगून ठेवतें."

"बोका जाहलों तर नाचेन. तेंच सांगतों आहें. ऐक." ऐसें बोलून भिवाजींनीं आपला हात रिकाम्या ताटावर ठेविला. ताट वाजूं लागलें, आणि चौकांत गवळण ठेका धरून फिरूं लागली. लाडूबाईनें चालीप्रमाणें मनगट धरावयास हात पुढें केला, आणि तो हात तसाच राहिला, कारण तोही थोडासा हालत होता. ठकूनें दोहों हातांनीं पोट झांकिलें. मग हळूच म्हणाली, "आबा, आमच्या सासरीं डोंगरावर तळें आहे. तिथलीं मांजरें नाचत नाहींत. नुसतीं निजतात."

"मासे खातात?"

"मणांनीं."

"आणि तिकडे चांदणनळ्या?"

"कुठल्या! सासूबाई म्हणतात, तेलाचा दिवा बरा, वास तरी येतो. लग्नांत शेटजींनीं आहेर दिलेली नळी अजून कापडांतच आहे."

भिवाजी उठून घाटावर गेले. पाणी स्वच्छ होतें, खालपर्यंत दिसत होतें, आणि खालीं नळ्यांवर नळ्या पडल्या होत्या, आणि पितळेच्या टोपणांवर धोंडशेट, धोंडशेट ऐसें नांव दूरवर तारकांसारखें लुकलुकत होतें. पायरीवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. स्वप्न पडलें कीं आपण तळ्याच्या तळाशीं उभे आहों आणि नळ्या नळ्या नव्हेत, मुली आहेत. पांढुरक्या, कृश, केसांत चांदीचे मणी, कपाळीं विटलेलें कुंकूं. गुडघ्यांस हनुवट्या लावून रांगेनें बसल्या आहेत आणि वर पाहताहेत. एकीनें पुसिलें, "मुराळी आला का?" दुसरी म्हणाली, "आला असेल, वाट चुकला असेल." तिसरी म्हणाली, "आम्हांस माहेरीं न्यावयास कोणी मुराळी येत नाहीं, आणि बसल्या जागीं आमचें अंग विरघळत चाललें आहे. आम्ही काय करावें?" त्यांच्या बोलण्याचे बुडबुडे होऊन वर जात होते आणि मासे येऊन ते बुडबुडे खात होते. भिवाजी जागे जाहले तेव्हां ऊन उतरलें होतें आणि मुराळी हा एकच शब्द तोंडांत राहिला होता, खडीसाखरेसारखा, विरघळत नव्हता.

त्या दिवसापासून चिटणीसांचे घरीं भाजीभाकरी. परंतु एका घरची चूल राखून तळें राखलें जात नाहीं. ठकूस याच कांठीं बाळंत व्हावयाचें, याच विहिरींचें पाणी प्यावयाचें. आणि इकडे वर्तमान आलें कीं, येत्या दसऱ्यास महाराज सगळ्या घाटास नव्या चांदणनळ्या लावणार आणि जुन्या साऱ्या वाजतगाजत तळ्यांत सोडणार, आणि त्याची सनद धोंडशेटांचे नांवें चिटणीसांनीं भर दरबारांत लिहावी. भिवाजींनीं विचार केला कीं, लिहिलें तर नातवंड जाईल, न लिहिलें तर दुसरा लिहील. मग गवळणीच्या गळ्यांतलें घुंगुरूं सोडून कनवटीस लाविलें. लाडूबाईनें पाहिलें. म्हणाली, "घर जाईल."

"जाईल."

"मला तळ्याची हवा मानवत नव्हतीच," ऐसें म्हणोन ती पुन्हां चुलीकडे वळली, आणि जन्मांत प्रथमच ती विडा द्यावयास विसरली.

दरबार भरला. महाराज सिंहासनीं, मागें पंखेवाले, उजवीकडे चिकाच्या पडद्याआड आईसाहेब म्हणजे महाराजांच्या मातुश्री, आणि त्यांच्याजवळ राजधानीच्या बायकांत ठकूही येऊन बसली होती, कीं डोहाळकरणीस आईसाहेबांचा आशीर्वाद घ्यावा. धोंडशेट नवें उपरणें घेऊन उभे. महाराज बोलिले, "लिहा." भिवाजींनीं उशी दूर सारिली, घुंगुरूं आपल्या मनगटास बांधिलें, आणि लेखणी उचलिली. छुम. छुमछुम. छुमछुमछुम.

महाराजांनीं इकडे तिकडे पाहिलें. "चिटणीस, दौतींत मांजर बसलें आहे काय?"

"नाहीं महाराज, मनगटांत बसलें आहे."

मुत्सद्दी हंसावें कीं न हंसावें या विचारांत पडले. धोंडशेट बोलिले, "म्हातारपण आहे, महाराज! दसरा जवळ आला, नवा चिटणीस पाहावा."

"अवश्य पाहावा," भिवाजी म्हणाले. "परंतु एक शंका फिटावी. मांजरें आनंदानें नाचतात, ऐसें सनदेंत मींच लिहिलें. हा हात त्याच ठेक्यावर नाचतो. तर हा कोणत्या आनंदानें नाचतो, तें दरबारानें सांगावें, म्हणजे तेंही लिहितों. मांजर जें खातें तेंच मी खातों. तळ्यांत जें आहे तेंच मासळींत आहे. आणि तळ्यांत काय आहे, तें आपण सर्वांनीं हळदकुंकूं लावून स्वहस्तें सोडिलें आहे. पायरीवरून खालीं पाहावें. टोपणांवर नांवही आहे."

घुंगुरूं तेवढें बोलत होतें. मग महाराज हळूच म्हणाले, "पंखे थांबवा."

पंखेवाल्यांनीं मुत्सद्द्यांकडे पाहिलें. मुत्सद्द्यांनीं जाजमाकडे पाहिलें. पंखे थांबले. वारा पडला. पडदे स्थिर जाहले, निशाणें स्थिर जाहलीं, आणि महाराजांच्या मंदिलाचा तुरा तेवढा थरथर हालत राहिला; छुमछुमच्या ठेक्यावर, चुकला नाहीं.

"हें केव्हांपासून?" महाराजांनीं पुसिलें.

सर्वांत म्हातारा मुत्सद्दी बोलिला, "आम्हांस वाटलें, वारा आहे."

"वारा तुम्हीच नेमिला होतात," आईसाहेब पडद्याआडून म्हणाल्या.

तेव्हां धोंडशेट पुढें जाहले. म्हणाले, "महाराज, तळ्यांत पारा गेला असेल, मी नाहीं म्हणत नाहीं. परंतु मीं कोठें टाकिला? मीं तर विकिला. लेक दिली, ती दिल्या घरची जाहली. पुढें तिनें तेथें काय करावें, मेली तर तिचें काय करावें, हें सासरच्यांनीं पाहावें. बापानें जन्मभर पुरावें काय?" आणि दरबारास तें पटलें. जो तो मान हालवूं लागला, कीं खरें आहे, दिली लेक ती दिली. आणि सनद पुन्हां लिहावयास घ्यावी ऐसा रंग दिसूं लागला.

तों पडद्याआडून आवाज आला, "शेटजी, मी ठकू. चिटणीसांची."

"ओळखतों, बाळ. लग्नांत तुला नळी दिली होती."

"लेक म्हणोन दिलीत?"

"मी सर्वांस लेक म्हणोनच देतों."

"मग एक पुसतें, रागावूं नये. गतवर्षीं तुमची थोरली लेक गेली, आमच्या अक्का. तेव्हां शेवटलें लुगडें कोणी नेलें?"

धोंडशेटांनीं उपरण्याचें टोंक हातीं घेतलें, परंतु डोळ्यांस लाविलें नाहीं. म्हणाले, "मींच नेलें. हिरवें. कांठ मींच निवडला."

"सासरीं लुगडीं नव्हतीं?"

"पेटीभर होतीं."

"मग तुम्हीं कशाला नेलेंत? दिली लेक ती दिली."

"ऐसें कैसें, बाळ," शेटजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज विकावयाचा नव्हता. "शेवटलें माहेरचेंच असावें लागतें." आणि बोलून गेल्यावर आपण काय बोलिलों तें त्यांच्या ध्यानीं आलें. आणि ज्या दरबारास मघां त्यांचें पटलें होतें त्यासही तें उमगलें, एकेकास, जसे कोणी निजेंतून उठावे. भिवाजी म्हणाले, "शेटजी, तळाशीं बसून त्या विचारतात, मुराळी आला का?" शेटजींनीं खालीं मान घालून सांगितलें, "येईल म्हणावें."

मग आईसाहेबांनीं मांजरांची जुनी सनद फाडविली आणि महाराजांनीं दुसरी सांगितली आणि भिवाजींनीं घुंगुरवाल्या हातानेंच लिहिली. मजकूर ऐसा कीं, जो ज्या नळीस आपलें नांव देतो तो तिचा बाप, आणि विझली म्हणोन नातें तुटत नाहीं. प्रत्येक नळीबरोबर बापानें हिरवी खोळ द्यावी. नळी विझतांच तीस सगळीच्या सगळी खोळींत घालून कोनाड्यांत उभी करावी. दर मासीं बापाकडून मुराळी येईल, त्याचे हातीं सन्मानानें द्यावी. चुकून फुटली तर झाडूनें झाडूं नये, दारें उघडून पोरें बाहेर काढावीं, ओल्या फडक्यानें टिपून बरणींत बंद करावी आणि तीही माहेरीं धाडावी. ज्वरकांड्यांसही हेंच. तळ्यांत कोणी कांहीं सोडूं नये, फुलेंसुद्धां, कारण हें पाणी आतां आजारी आहे आणि आजाऱ्यास पाहुणे नकोत. अक्षरें पाण्यांतल्या प्रतिबिंबासारखीं हालत होतीं. महाराजांनीं शिक्का उचलिला तोही हालला आणि मोर्तब दोन ठिकाणीं उमटलें. दोन्ही खरीं मानावीं ऐसें ठरलें.

आतां कोणी म्हणेल, मग सर्व सुरळीत जाहलें. तैसें जाहलें नाहीं. दरबारांत पाझरलेलें काळीज दुकानीं येतांच वाळलें, आणि धोंडशेटांनीं टोपणांवरचें नांवच घासून काढिलें, कीं नांव नाहीं तर बाप नाहीं. तों बाजारांत एक नळी खपेना. बायका टोपणावर बोट फिरवीत आणि म्हणत, "हिला माहेर दिसत नाहीं. निनांवी पोर घरांत कोण आणील?" मग शेटजींनीं पूर्वीपेक्षां मोठें नांव उमटविलें आणि कपाळास हात लावून दारीं येणाऱ्या विझल्या नळ्या उतरवून घेऊं लागले, आणि त्यांची कारभारीण पहिल्या गाड्यावरून भाकरतुकडा ओंवाळून म्हणाली, "या गं, दमलांत." कारखान्यांत टोपणें निराळीं केलीं, कांच पुन्हां भट्टींत घातली, आणि बंद भांड्यांत तापवून पारा काढून तोच नव्या नळींत सोडिला, जसे आजीचे डूल मोडून नातीस करावे. आणि येथें एक चमत्कार जाहला. लेक जन्माची गेली ऐसें समजणारा बाप जें हातास येई तें तिच्या पोटीं घालीत होता. ती परत येणार म्हणतांच त्यानें पारा थेंबाचा अर्धा केला, अर्ध्याचा पाव केला, आणि पुढें पाऱ्यावांचूनच उजळणारी नळी शोधावयास बसला. आणखी, वारंवार माहेरीं येऊं नये ऐसें ज्यास वाटतें त्यास लेक दणकट घडवावी लागते; तेव्हांपासून नळ्या वर्षानुवर्षें टिकूं लागल्या. पूर्वीं त्या लौकर कां जात, हें शेटजींस कोणीं पुसिलें नाहीं आणि त्यांणींही सांगितलें नाहीं. तळाशीं बसलेल्या जुन्या नळ्या भोई लोकांनीं जाळीं टाकून अलगद वर काढिल्या. तळ्याची मासळी धरणें आतां बंद होतें, म्हणोन हें काम शेटजींचे खर्चें त्यांस लागलें. एकेक नळी वर येई, पाणी गळे, आणि भोई तीस हिरव्या खोळींत घाली, जणू निजलेल्यास पांघरूण.

ठकूचे दिवस भरत आले. भिवाजींनीं लेखणी पायांशीं ठेविली. महाराज म्हणाले घर असूं द्यावें, तेव्हां घर राहिलें. परंतु त्यांस घरांत चैन पडेना. ठकूच्या तोंडीं आपल्या हातानें निवडलेली मासळी गेली होती. तीं ताटें त्यांच्या डोळ्यांपुढून हालेनात. स्वप्नीं रोज एक चांदीचा मासा येई, त्यांच्याकडे पाही, आणि कांहीं न सांगतां वळून जाई. मार्गशीर्षांत एके सकाळीं ठकू बाळंत जाहली, मुलगी जाहली. लाडूबाईनें बाहेर आणून दाखविली. भिवाजी पुढें होईनात. "घ्या ना," लाडूबाई म्हणाली. "हात कांपतो म्हणोन नात नाकारतां?" मग त्यांणीं एक बोट पुढें केलें, आणि पोरीनें डोळे मिटलेल्या स्थितींतच तें मुठींत धरिलें. घट्ट. भिवाजी पाहत राहिले. बोट हालत होतें. मूठ हालत नव्हती. बोट मुठींत हालत राहिलें आणि मूठ स्थिर राहिली आणि भिवाजी रडूं लागले. ठकू आंतून म्हणाली, "आबा, आतां तरी कालवण मिळेल का?"

"डोंगरावरून मागवितों," ते म्हणाले.

त्यांचा हात पुढें बराही जाहला नाहीं आणि बिघडलाही नाहीं. मग त्यांणीं आपणहून मुराळ्याचें काम मागून घेतलें. घुंगुरूं मनगटास बांधीत आणि गल्लीगल्लींतून गाडा घेऊन जात. हात हालविण्याचे वेगळे श्रम पडत नसत. छुमछुम ऐकतांच बायका कोनाड्यांतल्या हिरव्या खोळी घेऊन दारांत येत आणि म्हणत, "जा गं बाई, माहेरचें आलें." आणि सायंकाळीं नक्षत्रतळ्याकडे पाहावें तों पाणी थोडें कमी सुंदर दिसे, थोडें पाण्यासारखें दिसे.

सारांश. तळें निर्मळ व्हावयास पुढें दोन पिढ्या लागल्या. नासवावयास एक पुरली होती. मांजरें हळूहळू नाचेनाशीं जाहलीं, तेव्हां कित्येकांस राज्याचा आनंद कमी जाहला ऐसें वाटलें आणि त्यांणीं तैसा अर्जही केला. महाराजांनीं तो वाचून बाजूस ठेविला, आणि ज्या राज्यांतलीं मांजरें दुपारीं निवांत निजतात तें राज्य बरें चाललें आहे ऐसें समजावें, इतकेंच बोलिले. पंखेवाले तेव्हांपासून फक्त उन्हाळ्यांत लागतात. हें वर्तमान एका विझावयास आलेल्या नळीच्या उजेडीं लिहून पुरें जाहलें. खोळ जवळ ठेविली आहे. इति.